न चाललेल्या तपासणीचा हिरवा रंग

आमच्या ऑफिसात माणसांपेक्षा जास्त मान होता भिंतीवरच्या पडद्याला. आम्ही हॉस्पिटलांसाठी औषधाची मात्रा काढणारं सॉफ्टवेअर बनवायचो. कोडमध्ये काही बदललं की चाळीस तपासण्या आपोआप चालायच्या आणि पडद्यावर चाळीस चौकोन उमटायचे. पास झाली तर हिरवा, नापास तर लाल. आणि जी चाललीच नाही, वगळली गेली, ती? तीही हिरवीच. "लाल नाही ना? मग झालं तर," एवढंच आमच्या साहेबांचं तत्त्वज्ञान. पाहुणे आले की आधी या पडद्याचं दर्शन.

या हिरवळीला नाक मुरडायची ती एकटी आमची टेस्टर. तिला आम्ही मागून 'शंकासुर' म्हणायचो. आमची अक्कल तेवढीच. न पाहिलेल्या कागदावर ती सही करत नसे, आणि तिच्या सहीशिवाय नवी आवृत्ती हॉस्पिटलात जात नसे.

परवा ती अडूनच बसली. "लहान मुलांच्या मात्रेची तपासणी एका सेकंदात कशी संपली? एरवी चार मिनिटं लागतात."

"वेग वाढला असेल," साहेब कौतुकाने म्हणाले.

"साहेब, ती चाललीच नाहीये! उद्या माझ्या भाचीला ताप आला, तर तो तुमच्या हिरव्या रंगाने उतरणार आहे का?"

मी मान खाली घातली. ती तपासणी सारखी अडते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच वगळली होती, आणि पडदा हिरवा दिसल्यावर विसरूनही गेलो होतो.

तिने बसल्या जागी वगळलेल्या तपासण्यांना राखाडी रंग दिला आणि खाली लिहिलं, 'चालवली नाही'. चाळीसपैकी अकरा चौकोन राखाडी झाले.

"हे काय मळकट करून ठेवलंत?" साहेब कळवळले. तीन आठवड्यांत एवढा जीव त्यांचा कशासाठी तुटला नव्हता.

तिने मुलांची तपासणी चालू केली. चार मिनिटांनी चौकोन लाल झाला. एक शून्य जास्तीचं पडत होतं. मुलांना दहापट औषध निघत होतं.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अकराला पाहुणे येतायत. तोवर पडदा बंद ठेवा."

तिने पेनाला टोपण लावलं आणि सहीचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला.

"मी सही करणार नाही. वगळली कुणी, ते तू लिही."

फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात माझं नाव लिहिलं.