कुसुमताईंनी स्वतःसाठी विणलेली शाल

त्या दिवशी सकाळी पुतणीचा फोन आला, "काकू, आई गेली…" हुडकेश्वरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात मी रडत होते आणि मधेच हसू फुटत होतं. कुसुमताई, माझ्या थोरल्या जाऊबाई, हसल्याशिवाय आठवताच येत नाहीत.

आमच्या नात्यागोत्यात कुठे बाळ येणार असलं, की ताईंच्या सुया चालू. टोपरी, मोजे, स्वेटर… विणलं की दिलं. स्वतःसाठी त्यांनी दोनदा शाल केली, दोन्ही वेळा कोणी "किती छान" म्हणालं आणि ती खांद्यावरून उतरून म्हणणारीकडे गेली. साठी उलटल्यावर एक दिवस सदरच्या बाजारातून पांढरा सुती धागा आणला आणि जाळीची शाल विणायला घेतली. येणारा-जाणारा विचारी, "कोणासाठी?" "माह्यासाठी." कोणाला पटेचना. त्यांच्या विहीणबाईंनी तर, रंग आवडला बरं का, असं सांगूनही टाकलं. मलाही मोह आवरला नाही. म्हटलं, "ताई, झाली की मले द्या नं." त्यांचे हात थांबले. मान वर न करता म्हणाल्या, "नाही. तुले पाहिजे तं बस इथं, शिक." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला नकार. मला आधी राग आला, मग इतका आनंद झाला की मी उठून दोघींसाठी चहा ठेवला.

शाल विणून झाली, ती मग अंगावरून उतरलीच नाही. मे महिन्यातही तोंडाला गुंडाळून ताई स्कुटीवर. उन्हाचा स्कार्फ घट्ट विणीचा हवा, हिला तर भोकंच भोकं. आठ दिवसांत गालांवर नक्षी उमटली. "ताई, ठिपक्याठिपक्यांनी रापल्या तुम्ही," मी म्हटलं. आरशात निरखून त्या म्हणाल्या, "काहून? डिझाइन तं साफ आली नं?"

त्या सकाळी न्यायची तयारी झाली, तेव्हाही शाल अंगावरच होती. कोणीतरी हलकेच म्हणालं, "काढून ठेवा, इतक्या मेहनतीची चीज. आठवण राहील." पुतणीनं माझ्याकडे पाहिलं. मला ती हवी होती… दीड महिना झाला, आजही हवी आहे.

"राहू दे वं," मी म्हटलं. "त्यायची आहे."

पुतणीनं शाल आईच्या खांद्यावर नीट ओढून दिली.