कार्डावरची आमची खूण

एसटीच्या कार्डावर माझं नाव आहे, माझा फोटो आहे, तरी ते पुरतं माझं कसं नाही, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. समजावलं पुष्कळांनी. सुनेने समजावलं, कंडक्टरने समजावलं, खिडकीतल्या बाईनेही समजावलं. चौथीतून काढून बापाने मला मिठागरावर घेतलं, म्हणून माझ्या डोक्यात शिरत नाही असं त्यांना वाटतं. तसं नाही. एकाचं सांगणं दुसऱ्याच्या सांगण्याशी जुळत नाही, एवढं माझ्या डोक्यात बरोबर शिरतं.

कार्ड काढलं ते आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. तिला आता माणसं आठवत नाहीत. आधी शेजारी विसरली, मग व्याही, मग स्वतःचे जावई. मधे भातकापणीत मला काही दिवस जायला जमलं नाही, आणि गेलो तर मला म्हणाली, "पाव्हणं कुठलं?" मी हसलो. परतीच्या गाडीत ते हसू काही तोंडावर राहिलं नाही. तेव्हाच ठरवलं, दर गुरुवारी पेणहून जायचं, तिच्यासमोर बसायचं, तोंड दाखवायचं. सारखं दिसणारं तोंड माणूस कसं विसरेल? खाडा मात्र करायचा नाही.

सून म्हणाली, "बाबा, सारखं जाणार तर म्हाताऱ्यांचं कार्ड काढा ना. आईंचं पण काढू."

पेणच्याच रामवाडी एसटी स्टँडवर गेलो. खिडकीतल्या बाईने आधार घेतलं, फोटो काढला आणि मोबाईल नंबर विचारला. माझ्याकडे मोबाईल नाही, म्हणून सुनेचा दिला. त्यावर कसला तरी आकडा आला, तो सुनेने वाचून दाखवला, तेव्हा मी मीच आहे हे नक्की झालं. मी समोर उभा होतो. ते चाललं नाही, सुनेच्या फोनमधला आकडा चालला. इथंच मी पहिल्यांदा चक्रावलो.

काही दिवसांनी कार्डं आली. माझं आणि बायकोचं, दोन्ही सारखी. रंग सारखा, जाडी सारखी, फोटो तर असे काळपट की दोघांत दाढी कोणाला ते उन्हात धरून बघावं लागे. दोन्ही बायकोच्या पानाच्या डब्यात राहायची. पहिलाच गुरुवार, घाईत एक उचललं आणि गाडीत बसलो. कंडक्टरने ते मशीनला लावलं, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आजी, कुठं जायचं?"

मागच्या बाकावरच्या कोळणी टोपल्या सावरत हसायला लागल्या. एक म्हणाली, "आजीला खिडकीजवळ बसवा गो, उलटी व्हायची." मी नागोठण्यापर्यंत बाहेर बघत बसलो. कंडक्टर पोरगा बरा होता, कार्ड परत दिलं, आधार बघून तिकीट दिलं. वर म्हणाला, "आजोबा, दुसऱ्याचं कार्ड चालत नाय. ज्याचं त्यानं वापरायचं."

"दुसऱ्याचं कुठं, बायकोचंच हाय."

"ते दुसऱ्याचंच धरतात."

घरातली एक वस्तू नवऱ्याची आणि बायकोची निराळी, हे मी पहिल्यांदा ऐकलं. पण ठीक. आपलं ते आपलं ठेवायचं, तर त्याची रीत मला शिकवायला नको.

मिठागरावर सगळ्यांच्या फळ्या एकाच झोपडीत असत. मीठ ओढायची लाकडी फळी, लांब दांड्याची. पंधरा घरांच्या फळ्या, सगळ्या सारख्या. म्हणून प्रत्येक घराची खूण होती. खिळा चुलीत लाल करायचा आणि दांड्यावर डागायचा. आमची खूण म्हणजे आरपार भोक आणि त्याखाली दोन तिरप्या रेघा. भोकात सुतळी ओवून फळी खुंटीला टांगायची. बा खिळा धरायचा, आक्का दांडा धरायची, मी लहान, मी धूर बघायचो. एकदा खूण पडली की त्या फळीला कोणी हात लावत नसे. नाव लिहायची गरज कधी पडली नाही.

मी तेच केलं. खिळा तापवला, कार्डाच्या कोपऱ्यात भोक पाडलं, खाली दोन रेघा ओढल्या. वास फार घाण आला. बायको ओटीवरून धावत आली.

"अवो, काय जालताय?"

"माझं कार्ड माझं करतोय."

"तुमचंच हाय ना ते, फोटो हाय त्यावर."

"फोटो तुझाबी तसाच दिसतो."

मी भोकात काळा दोरा ओवला आणि कार्ड गळ्यात घातलं. आता डब्यात हात घालायचं काम नाही. मला फार बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी तोच कंडक्टर होता. मी गळ्यातलं कार्ड ऐटीत पुढे केलं. त्याने मशीनला लावलं, उलटं लावलं, शर्टाला पुसून लावलं.

"आजोबा, हे मेलंय."

"मेलंय म्हंजे?"

त्याने भोकातून माझ्याकडे बघितलं. "आत कडेकडेनं तार असते. तुम्ही तारेतूनच खिळा घातला. हे कुणी सांगितलं?"

"माझ्या कार्डाला मी भोक पाडीन. कुणी सांगायचं काय?"

"तुमचं हाय, पण असं करायचं नसतं."

"नाव माझं?"

"व्हय."

"फोटो?"

"तुमचाच."

"मग बघ माझ्या तोंडाकडं आणि दे तिकीट."

"तोंड मशीनमध्ये जात नाय ना आजोबा. आधार दाखवा, लगेच देतो."

आधार मी घरी ठेवलं होतं. कार्ड आल्यावर आधार कशाला लागतं? तो म्हणाला, मग आज पूर्ण तिकीट काढा. पैसे खिशात होते. पण पूर्ण तिकीट काढायचं म्हणजे मी म्हातारा नाही असं मीच कबूल केल्यासारखं, आणि गळ्यात लटकतोय तो माणूस मी नाही असंही. मी म्हणालो, "थांबव." शेजारचा माणूस म्हणाला, "काढा ना काका, एवढं काय." मी वडखळला उतरलो. वाटलं, कंडक्टर हाक मारील. त्याने घंटी दिली.

तिथं खूप वेळ उभा राहिलो. रोह्याच्या गाड्या समोरून जात होत्या आणि कुठल्याच गाडीत मला चढवेना. शेवटी मिनीडोअर रिक्षा पकडून घरी आलो. गुरुवार चुकला तो तसा. त्या रात्री जेवताना बायको एवढंच म्हणाली, "तिकडं ती वाट बघत आसल." ती वाट बघत असेल की नाही, हेच तर मला माहीत नव्हतं.

मी पुढच्या गुरुवारची वाट बघितली नाही. दुसऱ्याच सकाळी पेणच्या रेल्वे स्टेशनवर गेलो आणि रोह्याचं कागदाचं तिकीट काढलं. त्यावर नाव नाही, फोटो नाही, आणि कोणी विचारलंही नाही मी कोण ते. हे जास्त बरं की ते, याचा विचार करता करता रोहा आलं.

आक्का ओटीवर पाय पसरून बसली होती. मी समोर बसलो. तिने चांगलं न्याहाळून बघितलं.

"कोण?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. ती मान हलवत राहिली, जशी आपण भाजीवाल्याशी हलवतो. मग मला राग आला, आणि गळ्यातलं कार्ड काढून मी तिच्या हातात दिलं. "हा बघ फोटो. हा मी. आता तरी बघ."

फोटोकडे तिने बघितलंच नाही. तिचं बोट भोकावर गेलं, मग खालच्या रेघांवरून फिरलं.

"ही आमच्या बाची खूण."

"व्हय, आक्का."

"तुला कुठं गावली? झोपडीतनं उचललीस काय रे, चोरा?"

"चोर नाय गो. तुझा धाकटा भाऊ मी."

"खोटं बोलतो. तो गेलाय बाबरोबर मिठावर. उन्हं उतरली की येल." आणि कार्ड तिने उशीखाली ठेवून दिलं. "आमच्या घरचं हाय. बा आला की त्याला देईन."

मी मागितलं, तिने हातावर चापट मारली. लहानपणी मारायची तशीच, उलट्या बोटांनी. भाचा आतून बघत होता. म्हणाला, "मामा, घेऊ का काढून?" मी म्हणालो, राहू दे.

आता नवीन कार्ड आलंय. त्याला हात लावायचा नाही, असं सुनेने बजावलंय. ते तिने निळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिलं, बायकोचं लाल पाकिटात. कंडक्टर मशीनला लावतो, मशीन वाजतं, म्हणजे मी आहे. अष्टमीला गेलो की नवीन कार्ड खिशातच राहतं. तिथं मी उशीखालचं जुनं मागतो. आक्का देत नाही. कोणाचं आहे ठाऊक आहे काय, म्हणून भांडते, चोर म्हणते, चापट मारते. मला ती ओळखत नाही. पण भांडण आमचंच असतं, त्यात दुसरं कोणी नसतं. म्हणून दर गुरुवारी जातो आणि मागतो.