बाबांनी सामान जमा केलं

आमच्या बाबांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, कधी भांडण झालं नाही असं माणूस आमच्या सोसायटीत शोधून सापडायचं नाही. नायब सुभेदार आत्माराम साळवी, एकाहत्तरच्या लढाईतले, गाव रत्नागिरीकडचं, मुक्काम भाईंदर पूर्व, दुसरा मजला. पाण्याचा टँकर आला की काठी घेऊन खाली उतरायचे आणि सगळ्यांच्या बादल्या एका रेषेत लावायला लावायचे. रेष वाकडी झाली की टँकरवाल्यालाही पाइप खाली ठेवावा लागे. घराची बेल वाजली की दार न उघडता आतूनच आवाज, "कौन? कहाँ से? क्या काम?" समोरच्या हंसाबेन इतक्या वर्षांच्या शेजारीण, पण त्यांनाही रोज तिन्ही उत्तरं द्यावी लागत. "काका, हंसा. सामनेसे. मेळवण चाहिए," असं त्या बिचाऱ्या विरजण मागताना म्हणत. त्यांच्या जागी मी असते तर दही सरळ विकत आणलं असतं.

अशा माणसाचा मुलगा कार्टूनवाला झाला. यतीन, माझा नवरा, जवळच्या हाटकेश भागात एका गाळ्यातल्या स्टुडिओत चित्रं काढायचा. दोन हजार सहा साली त्यांच्याकडे एका विनोदी हिंदी मालिकेचं काम आलं. तिच्यात एक चिडका म्हातारा फौजी बाप हवा होता. गोष्टी चॅनेलवाले लिहून पाठवणार, चेहरा यतीनने द्यायचा. आता चेहरा कुठून आणणार? घरात तयारच होता. तेच फुगलेलं नाक, त्याच मिशा, तीच काठी, बंद दाराआडून तेच ओरडणं. पहिला भाग लागला तेव्हा मी ओढणी तोंडाला लावून हसले, आणि मग बाबांकडे चोरून पाहिलं. बाबांना कळलं तर?

बाबांनी तो भाग खुर्चीत ताठ बसून पाहिला. "कोण हा गाढव?" ते म्हणाले. "असला माणूस फौजेत एक दिवस टिकायचा नाही."

त्यानंतर दर रविवारी ते सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर हजर. म्हाताऱ्याला मनसोक्त शिव्या घालायचे, आणि शेवटी नावांची पाटी पूर्ण सरकल्याशिवाय उठायचे नाहीत. सोसायटीतल्या पोरांनी तर पहिल्याच आठवड्यात ओळखलं. बाबा जिन्यात दिसले की "कौन? कहाँ से?" सुरू. बाबा काठी उगारायचे आणि वर येऊन म्हणायचे, "टीव्ही बघून बिघडलीत पोरं." यांना कळलंय की नाही, हे मला काही केल्या उमगेना. यतीनला विचारलं तर म्हणाला, "नाही गं कळलं. स्वतःला कोण ओळखतं?" मला ते पटत नव्हतं, पण बाबांना विचारायची माझी छाती नव्हती.

जानेवारीत तो भाग लागला. घरचे म्हाताऱ्याला कंटाळतात, त्याला वृद्धाश्रमात धाडतात, आणि रिक्षा वळल्यावर मागे सगळं घर नाचतं. त्या दिवशी बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. जेवले आणि स्वतःचं ताट धुवून ठेवलं. माझं लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर पलंगावर चादर ताणून घातलेली आणि तिच्यावर एका ओळीत सामान मांडलेलं. आम्ही दिलेला स्वेटर, मोबाइल, घड्याळ, थर्मास, गुडघा शेकायची रबरी पिशवी, चालायला जायचे बूट. सगळं पुसून लख्ख. बाबा दाढी करून, जुना कोट घालून आपल्या काळ्या ट्रंकेवर बसले होते.

"बाबा, गावाला निघालात?"

"आधी मोजून घे."

"काय मोजून घेऊ?"

"तुमचं जे माझ्याकडे होतं ते. काही कमी असेल तर आत्ता सांग, मागाहून तक्रार नको."

माझं डोकंच चालेना. माझ्या तोंडून काही वाकडं गेलं का? स्वेटर टोचतो का? मी यतीनला हाक मारली. तो तोंडात ब्रश धरूनच आला, त्या ओळीकडे बघत राहिला, आणि चूळ भरून परत आला तोवर त्याचा चेहरा उतरला होता.

"फौज सोडताना असं करतात," तो माझ्या कानाशी म्हणाला. "मिळालेलं सामान जमा करून निघायचं."

मग तो बाबांकडे वळला. "तुम्हाला जा कोण म्हणालं?"

"काल दाखवलंस ना."

"बाबा, ते कार्टून आहे! गोष्ट चॅनेलवाले लिहितात. मी नुसती चित्रं काढतो."

"नाक माझं," बाबा म्हणाले. "मिशा माझ्या. आणि घर तेवढं चॅनेलवाल्यांचं?"

म्हणजे कळलं होतं. पहिल्या रविवारपासून कळलं होतं, आणि हा माणूस स्वतःलाच गाढव म्हणत, मुलाचं नाव पडद्यावर येईपर्यंत बसून राहायचा. मला रडू आलं, आणि त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

"मला तोंडावर सांगितलं असतंस तरी गेलो असतो," बाबा म्हणाले. "शेजाऱ्यांना कशाला दाखवायचं? हंसाबेनकडेही टीव्ही आहे."

यतीन ट्रंकेशेजारी फरशीवरच बसला. "पुढे तो परत येतो, बाबा. खरंच."

"परत येतो?"

"हो."

"आणायला कोण जातं?"

यतीनने माझ्याकडे पाहिलं. पुढची गोष्ट त्याने मला आधीच सांगितली होती, आम्ही दोघं हसलोही होतो. आणायला कोणीच जात नाही. भांडखोर म्हणून आश्रमवालेच त्याला हाकलून देतात.

"मी," यतीन म्हणाला. "मी येतो आणायला."

बाबांनी त्याला निरखून पाहिलं. खरं मानावं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मी कपबशी हातात तशीच धरून उभी. मग त्यांनी हात लांबवून ओळीतला स्वेटर उचलला, कोटावरून घालावा की कोट काढावा यात जरा घोटाळले, आणि शेवटी तो नुसताच मांडीवर घेतला.

"बरं," ते म्हणाले. "मग उशीर करू नकोस."