दोंडाईचाहून आलेला फोन

असले अनुभव मी आजवर वाचून सोडून दिलेत. लिहायची वेळ माझ्यावरच येईल असं वाटलं नव्हतं...

मी मूळची जळगावची. धुळ्याला देवपुरातल्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या लॅबमध्ये काम करते. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र करून तयार झालेले गर्भ तीन ते पाच दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढतात. आत आईच्या पोटाइतकी ऊब लागते – सदतीस अंश. त्यात थोडासा फरकही त्यांना सोसत नाही.

मे महिना, दुपारचे तीन. आमच्या एका इन्क्युबेटर मशीनमध्ये चार जोडप्यांचे गर्भ होते. रिसेप्शनवरच्या लताअक्कांनी लॅबच्या काचेवर टकटक केली. "दोंडाईचाच्या सुनंदाचा फोन आहे. तुझ्याशीच बोलायचं म्हणते."

सुनंदाचा नवरा मिरचीच्या गोदामावर कामाला. लग्नाला अकरा वर्षं झालेली, आणि मशीनमध्ये तिचा एकच गर्भ.

"ताई, मन्हं पोर गार पडी ऱ्हायनं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "देखा ना जरा."

मी समजूत घातली. सकाळीच तपासलंय, बठ्ठं ठीक शे, सगळं ठीक आहे, म्हटलं. फोन ठेवून आत आले. स्क्रीनवर ३७.० होतं, अलार्मही नव्हता. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं... कारण दार उघडलं की ऊब जाते. तरी का कुणास ठाऊक, मी वेगळा थर्मामीटर आत ठेवला.

३४.६.

पुन्हा पाहिलं – ३४.४. गर्भांची एकेक डिश शेजारच्या मशीनमध्ये हलवली, मग डॉक्टरांना बोलावलं. इंजिनिअर आला, म्हणाला सेन्सर सदतीसवरच अडकलाय. अलार्म त्याच सेन्सरवर चालतो, म्हणून वाजला नाही. संध्याकाळपर्यंत आम्हाला कळलंच नसतं.

डॉक्टरांनी चारही जोडप्यांना बोलावून मशीनचं खरं खरं सांगितलं. फोनचं मात्र कुणी बोललं नाही.

चौघींपैकी दोघींना दिवस राहिले. सुनंदाला नाही.

रिपोर्ट मीच सांगितला. तिनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "त्या दिन बाकीनासना बी व्हतात ना त्या पेटीमा? त्यासनं ऱ्हायनं का?"

"दोघींचं राहिलं."

"बरं झायं," ती म्हणाली. आणि मग रडली.

निघताना मी विचारलंच, तुला कळलं कसं?

"माले काय माहीत, ताई. भाकरी करी ऱ्हायंतू. चुल्हापुढे बसेल असून हात गार पडी ग्यात. तुमले फोन कया."

डॉक्टर योगायोग म्हणतात. असेलही. पण मशीन बिघडलं तेव्हा ती साठेक किलोमीटरवर होती आणि तिला आमच्या लॅबचं दारसुद्धा माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्या दोघींपैकी एक बाळ दाखवायला आली होती. मुलगी आहे. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळे." मी बाळाचे पाय दुपट्यात गुंडाळले. त्या फोनचं काय सांगणार होते? मलाच अजून कळलेलं नाही.