मोडू नको

माझी पोस्टिंग भोपाळजवळच्या छावणीत झाली तेव्हा घरचे खूश झाले. घर नेहरू नगरात, वडील टी. टी. नगरच्या सरकारी कचेरीत क्लार्क. मी मात्र धास्तावलो होतो. ड्रायव्हिंग कॅडरची, म्हणजे प्रशिक्षणवर्गाची, पहिली टेस्ट मी रिव्हर्समध्ये नापास झालो होतो. दुसऱ्यांदा नापास झालो असतो तर ड्रायव्हरचा ट्रेड कायमचा गेला असता, आणि मला फौजेत लॉरी सोडून दुसरं काहीच करायचं नव्हतं.

साडेपाचला पीटी. सातला तेल, पाणी, टायर तपासायचे. आठ ते बारा मैदानात. शिकवायला हवालदार जगताप होते, साताऱ्याकडचे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. उस्तादांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. भोपाळचा म्हणून मी 'भोपळ्या'. कॅडरमध्ये मराठी आम्ही दोघंच. बाकीच्यांना ते हिंदीत शिकवत, मला हौसेने मराठीत. घोटाळा तिथेच झाला.

मागे माणूस उभा असल्याशिवाय लॉरी रिव्हर्स घ्यायची नाही, हा आमचा नियम. त्या माणसाला गाइड म्हणतात. टेस्टला चार दिवस उरले होते. सकाळी दहाला मी दोन लाकडी खांबांमधून लॉरी मागे घेत होतो. गाइड स्वतः उस्ताद. गाडीचं मागचं टोक डाव्या खांबाकडे सरकलं. मी स्टिअरिंग फिरवणार तेवढ्यात ते ओरडले.

"मोडू नको! आरं, मोडू नको!"

मी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. खांब कडकन मोडला. आरशात उस्ताद दिसेनात. ब्रेक लावून मी धावत मागे गेलो. उस्ताद बाजूला उडी मारून धुळीत पडले होते, कोपर सोलवटलं होतं. उठून त्यांनी आधी टेललाइट पाहिला, मग मला.

"मोडू नको म्हटलं ना?"

"म्हणूनच नाही मोडली, उस्ताद."

"काय नाही मोडलं?"

"गाडी. सरळ धरली."

हिंदीच्या संगतीने आमच्या घरी गाडी वळवत नाहीत, मोडतात. उस्ताद खांब वाचवायला ओरडत होते आणि मी त्यांचा हुकूम पाळून तो पाडला होता. रिपोर्ट वर गेलाच. पण त्यात त्यांनी चूक स्वतःची लिहिली. मला म्हणाले, "आता मी तोंड उघडणार न्हाई. माझ्या हाताकडं बघ."

रविवारी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आईने दारातच विचारलं, "रिक्षा कुठून मोडलीत? घर लवकर सापडलं ना?"

"कोपऱ्यावरनं, ताई. पण रिक्षा शाबूत आहे," उस्ताद म्हणाले. आईला काही कळेना. मी हसून हसून बेजार झालो.

टेस्ट मंगळवारी सव्वानऊला. सुभेदार साहेब शेजारी बसले. "पीछे लो." उस्ताद मागे उभे राहिले. त्यांचा हात फिरला की मी स्टिअरिंग फिरवायचो, हात थांबला की थांबायचो. लॉरी खांबांमधून पार झाली. साहेब उतरून बघून आले.

"पास."

इतका आनंद झाला की सॅल्यूट करताना हसू आवरेना. उस्तादांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

फौजेतून निवृत्त होऊन आता मी भोपाळमध्येच लॉरी शिकवतो. पुढच्या आठवड्यात तिघांची टेस्ट आहे. त्यातल्या एक बाई दोन मुलांना शाळेत सोडून येतात आणि माझ्यापेक्षा सफाईने गिअर टाकतात. त्या पास होणार, मला खात्री आहे. परवा त्यांनी विचारलं, "सर, तुमची सगळ्यात अवघड ड्राइव्ह कोणती?"

ती माझ्या टेस्टनंतर दोन वर्षांनी झाली. उस्ताद आणि मी डोंगरात एकाच कंपनीत होतो. दुपारी दोनला दरड कोसळली, रस्ता बंद झाला. वायरलेसवर हुकूम आला, "सब गाड़ियाँ पीछे लो. ओवर." रस्ता अरुंद. उस्तादांनी स्वतः गाइड होऊन अकरा गाड्या मागे आणल्या, त्यांत माझीही होती. बाराव्या गाडीसाठी ते परत वर गेले. तेव्हा दुसरी दरड आली.

चारला त्यांना बाहेर काढलं, तेव्हा ते गेलेले होते. खाली कॅम्पपर्यंत न्यायचं होतं. मी पुढे झालो. कंपनी कमांडरांनी माझा चेहरा पाहिला.

"चला पाओगे?"

"इन्होंने ही सिखाया है, साहब."

अठ्ठावीस किलोमीटरचा उतार होता. डोळे वाहत होते. ते पुसायला मी स्टिअरिंगवरचा हात एकदाही काढला नाही.