नखानं टिप ओळखणारे चाचा

सामन्याच्या दिवशी हॉलमध्ये कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं मनचं लावलं. माझी लेक मनीषा होती, हातात काठी धरून. तिच्यासमोर सिकंदराबादची ती उंच पोरगी होती. डाव मोजायला पांढऱ्या शर्टातले एक साहेब होते. हॉलचे मालक होते, त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. दाराजवळ पोछ्याची बादली घेऊन मी होते. आणि भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून टिपवाले चाचा उभे होते. एवढीच माणसं. पण मी सांगते, अख्ख्या हैद्राबादेत चाचासारखा माणूस दुसरा नाही. मी डॉक्टरच्या घरची भांडी घासली, वकिलाच्या घरची घासली, एका आमदाराच्याबी घरची घासली. काम करता करता ज्याला बघून माझा हात आपोआप थांबला, असा माणूस हा एकच.

चाचाचं काम ऐकाल तर हसाल. पूल म्हणजे टेबलावर काठीनं बॉल ढकलून भोकात घालायचा खेळ. त्या काठीच्या टोकाला चामड्याचा एक तुकडा चिकटवलेला असतो, शर्टाच्या बटनाएवढा. त्याला टिप म्हणतात. एवढी लांब काठी, एवढं मोठं टेबल, पण पांढऱ्या बॉलला शिवतं ते एवढंसं चामडंच. ते कापायचं, दाबायचं, चिकटवायचं आणि घासून गोल करायचं, हे चाचाचं काम. जन्मभर तेच. टोपी तिरकी, खिशात पाती, वाळू-कागद, डिंकाची बाटली, आणि उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. ते नख म्हणजे त्याचं सगळं शिक्षण. माझ्यासारखाच तोबी शाळेत दुसरीच्या पुढं गेला नव्हता.

मी नांदेडकडची. नवरा इमारतीच्या कामावर पडून गेला तेव्हा मनू, म्हणजे मनीषा, सहा वर्षांची होती. रडायला वेळ नव्हता म्हणून रडले नाही. भावकीतल्या एकीनं नारायणगुड्यात हा माडीवरचा हॉल दाखवला, झाडू-पोछ्याचं काम लागलं. पहिल्याच दिवशी बघते तर सगळ्या काठ्यांच्या टोकाला निळं निळं लागलेलं. म्हणलं, एवढी शिकली-सवरली माणसं आणि काय ही घाण ठेवलीय. बादलीत कपड्याच्या साबणाचं पाणी केलं, वीसच्या वीस काठ्या टोकं खाली करून त्यात उभ्या केल्या. तासानं काढून ब्रशनं घासल्या. चामडं कसं लख्ख निघालं! अण्णा शाबासकी देतील म्हणून दारातच बसले.

माणसं आली. पहिल्यानं मारलं, काठी बॉलवरून सटकली, बॉल टेबलावरून उडून थंड्या बाटल्यांच्या पेटीखाली गेला. दुसऱ्यानं मारलं, तेच. तिसऱ्यानं मारलं तर काठी टेबलाच्या कापडातच घुसली. अण्णांचं तोंड लाल झालं. तेवढ्यात चाचा आले, एकेक काठी नाकाला लावून हुंगली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आपा, तुम इनकू नहलाए क्या?"

"हौ," म्हणलं, "घाण होत्या."

"साबुन कौनसा?"

"कपड्याचा."

"तो शाम्पू कैकू बाकी रखे?"

सगळी माणसं हसली. चाचा हसले नाहीत. अण्णा मला काढायलाच निघाले होते. चाचा म्हणाले, "नक्को निकालो अण्णा. बीस टिपां एक घंटे में नरम किए सो उस्ताद मैं आज तक नै देखा." मग मला खाली बसवून सांगितलं की ते निळं म्हणजे खडू, तो टिपला लावतात म्हणजे ओल्या फरशीवरून पाय घसरावा तशी ती बॉलवरून घसरत नाही. आणि चामडं पाणी प्यालं की फुगतं, त्याची धार जाते. पुढचे आठ दिवस मी त्यांच्या हाताखाली ओल्या टिपा सावलीत वाळवल्या, दोन फळ्यांत दाबल्या, आणि नव्या बसवताना एकेक दाबून बघायला शिकले. नख रुतवायचं. खूण पडून तशीच राहिली तर नरम. पडून हळू उठली तर मधली. पडलीच नाही तर सख्त.

त्या माणसाला जगात दुसरं काही दिसतच नव्हतं. जाम, म्हणजे पेरू, घेतला तरी आधी नख. इराण्याच्या हॉटेलात बिस्कीट चहात बुडवून कानाशी नेऊन ऐकायचे, आणि नव्या पोऱ्याला सांगायचे, "ये मीडियम है, वापस ले जाओ, मैं सॉफ्ट मंगाया." दवाखान्यात डॉक्टरनं पोट दाबलं तर डॉक्टरलाच म्हणाले, "हाथ आपका बहोत सख्त है साब, मरीज फिसल जाएगा." भाचीला बघायला आलेल्या पोराचा हात हातात घेतला, दोनदा दाबला, आणि आत जाऊन बहिणीला म्हणाले, आवाज लई करतो, धरून राहात नाही. लग्न मोडलं. तो पोरगा पुढं दोन वर्षांत तीन नोकऱ्या सोडून बसला. तेव्हापासून त्यांच्या गल्लीत पोरगा बघायचा तर चाचाला बोलावतात.

आणि काठीवाल्यांची भांडणं तर विचारूच नका. एकाचं म्हणणं, सख्त टिप असली की बॉल बाणासारखा सरळ जातो. दुसऱ्याचं म्हणणं, नरम टिप बॉलला जरा जास्त वेळ धरते, मग त्याला हवं तसं फिरवता येतं. दोघं चाचाकडं निवाड्याला यायचे. चाचा विचारायचे, "हाथ कू पूछे क्या?" तेवढंच. ज्याला टिप पाहिजे त्याला ते आधी एकच मार चाळीसदा मारायला लावायचे. स्वतः बघायचे नाहीत, डोळे मिटून ऐकायचे. मग ठरवायचे. जड हाताला सख्त, मुरलेली. हलक्या हाताला मधली. पैलवानासारखा एक माणूस नरम टिप मागायला आला, त्याला दिली नाही. तो म्हणाला, काठी तुमची आहे की माझी? चाचा म्हणाले, "दुकान मेरा, काठी तुम्हारी, इज्जत दोनों की."

मनू शाळा सुटली की हॉलमध्येच यायची, मी पोछा मारेपर्यंत रिकाम्या टेबलावर बॉल ढकलायची. अण्णा काही बोलले नाहीत, ते चांगलं माणूस. चाचानं तिला लगेच काठी दिली नाही, आधी तिला माझ्या लुगड्याला पिळा घालताना बघितलं, भाकरी थापताना बघितलं. वर्षभर! मग म्हणाले, "हलका हाथ है, मगर झूठा नै." आणि तिच्या काठीला मधल्यापेक्षा जराशी नरम टिप बसवली. त्या टिपवर पोर मोठी झाली. टिप झिजली की तसलीच दुसरी. आठ वर्षं एकाच जातीचं चामडं.

आता कामाचं सांगते. एका मोठ्या ऑफिसात खेळाडूची एक जागा निघाली. मुलींमधून एकच घ्यायची होती. कायमची नोकरी, दवाखाना फुकट, म्हातारपणी पेन्शन. मनू दिलसुखनगरला परीक्षांच्या क्लासला जायची, चारदा परीक्षा दिल्या, थोड्या थोड्या मार्कांनी राहिली. वय निघून चाललं होतं. ही शेवटची संधी होती, हे तिला ठाव होतं, मला ठाव होतं. शेवटी दोघीच उरल्या, मनू आणि ती सिकंदराबादची. आणि त्यांनी सामना आमच्याच हॉलमध्ये ठेवला. पाच डाव आधी जिंकेल तिची जागा.

दोन दिवस आधी मनूनं काय केलं, तर आबिड्सच्या बाजारात जाऊन टिप बदलून आली. सख्त. बाहेरच्या देशाची, काळी, चकचकीत. त्या उंच पोरीची तसलीच होती म्हणून. मला नि चाचाला दोघांनाबी सांगितलं नाही.

सामना सुरू झाला. पहिला डाव गेला. दुसरा गेला. मनू बॉलला बाजूनं मारून फिरवायला जाई आणि काठी टक्कन सटके. सरळ मारला तर बॉल तिच्या अंदाजापेक्षा पुढं पळे. तिसराबी गेला. चाचा भिंतीशी डोळे मिटून होते. तिसऱ्या डावाच्या शेवटी ते डोळे न उघडताच म्हणाले, "ये मेरी टिप नै."

साहेबांनी दहा मिनिटं सुट्टी दिली. मनू काठी घेऊन जिन्यात आली, खाली मान घालून. चाचानं काठी घेतली. मला वाटलं आता मोडतील. त्यांनी अंगठ्याचं नख टिपवर ठेवलं, दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा. आणि त्यांच्या तोंडावरचं रक्त गेलं.

"बेटा, पानी ला," त्यांनी मनूला पाठवलं. मग माझ्याकडं वळले. "आपा, तुम दबाके बोलो. कैसी है?"

मी म्हणलं, "तुमचं नख काय झालं?"

"शक्कर की बीमारी. दो साल हुए, उंगलियाँ कुछ बोलतेच नै मेरे से."

दोन वर्षं! मला तेव्हा समजलं की ते हल्ली टिपा दातावर वाजवून का बघत होते, कानाशी का नेत होते. मी पदराला हात पुसला आणि नख लावलं. म्हणलं, "चिंचोक्यासारखी. खूण पडतच नाही. पण वरून जरा रवाळ आहे, खडू धरेल."

"कडा कैसा? गोल की चपटा?"

"चपटा. नवी आहे, घासली नाही."

त्यांनी डोळे मिटले. माझ्याकडून ऐकलेलं ते आत कुठं तरी हातानं चाचपत होते, मला दिसत होतं. मनू पाणी घेऊन आली आणि रडतच म्हणाली, "चाचा, लवकर तुमची बसवा ना, दहा मिनिटं आहेत."

मी सांगते, त्या माणसानं जन्मभर बाजारच्या टिपांना शिव्या घातल्या. मला वाटलं आता खिशातनं पातं काढतील. काढला फक्त वाळू-कागद. दोन-चारदा कडेवर फिरवला, म्हणाले, "आपा, गोल हुआ?" मी हात लावून म्हणलं, हुआ. मग मनूला म्हणाले, "आज बदले तो और जाएगा. नई टिप कू हाथ आठ दिन में पहचानता. सख्त टिप बुरी नै बेटा. जिस टिप कू तेरा हाथ नै पहचानता, वो बुरी. ये बीच में सीधा जाती, बाजू में धोका देती. तो बाजू में जाना नक्को. बीच में मार, आधे जोर से, हर बार खडू. घुमाना भूल जा."

"पण घुमवल्याशिवाय पुढचा बॉल कसा सापडंल?"

"नै मिले तो दूर से मार. दूर से भी बीच में."

मनू आत गेली. पाचशे वेळा केलेलं विसरून खेळायचं होतं तिला. चौथ्या डावात तिनं बॉल फिरवला नाही. अडचणीत आली, दुरून मारला. बॉल भोकात गेला. तो डाव तिचा झाला, पाचवाबी तसाच. खडू लाव, श्वास घे, मधोमध. बघणाऱ्याला काही मजा नव्हती, अण्णा तर जांभई द्यायला लागले. मधे एक डाव त्या उंच पोरीनं नेला, पण चार-चार झालं तेव्हा जांभई थांबली. शेवटच्या डावात काळा बॉल टेबलाच्या त्या टोकाला, पांढरा ह्या टोकाला. मनूनं खडू लावला. तिनं चाचाकडं बघितलं. चाचानं काही इशारा केला नाही, साहेब बघत होते. नुसता एक श्वास घेतला, मोठा. तिनंबी घेतला. टक. आवाज ऐकला आणि बॉल निम्म्या वाटेत असतानाच चाचा भिंतीपासून सरकून चपला शोधायला लागले. त्यांना कळलं होतं. बॉल जायच्या आधी.

मी पोछ्याचा दांडा घट्ट धरून उभी होते. काळा बॉल भोकात गेला. अण्णाच ओरडले, तेलुगूत.

मनू आता नोकरीवर असते, वरंगलला. दर महिन्याला येते, येताना चाचांना बिनसाखरेची बिस्किटं आणते, ती त्यांना आवडत नाहीत. चाचा अजून हॉलमध्ये बसतात. टिपा ते कापतात, बसवतात, आणि दाबून बघायचं आलं की मला हाक मारतात, "आपा, इधर का कचरा रह गया." मी झाडू घेऊन जाते, नख लावते, हळूच सांगते. वाटाण्यासारखी. लिंबाच्या सालीसारखी. ते मान हलवून गिऱ्हाइकाला सांगतात, आणि गिऱ्हाईक चाट पडतं. मीबी पडते. कारण मी नुसतं फळाचं नाव सांगते, त्यावरून तो माणूस त्या काठीनं बॉल कसा जाईल ते सांगतो, आणि तो तसाच जातो.

चाचांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मी इथं हे बोलले. तुमच्याकडं काठी असली तर नारायणगुड्याला घेऊन या. चाळीसदा मारायला लावतील, मारा. रागावतील, ऐकून घ्या. फक्त त्यांच्या बोटांचं काही विचारू नका.