थेंबकाकांचा लव्हेंडर

गल्लीतल्या रंगाऱ्याला सगळे थेंबकाका म्हणत. पांढऱ्या रंगाच्या बादलीत बाटलीतून एकेक थेंब टाकायचा, काठीने ढवळायचं, डोळे बारीक करून बघायचं, की हवी ती छटा तयार. दुकानात आता बटण दाबलं की मशीन रंग कालवून देई. पण मशीनचं नाव काढलं की काकांच्या कपाळाला आठ्या पडत. चाळीस वर्षांत एकाही भिंतीची तक्रार आली नव्हती, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

लेकीने दोन खोल्यांचं घर घेतलं. झोपायच्या खोलीला तिला फिका, धुरकट लव्हेंडर हवा होता. नमुना म्हणून तिने लोकरीचा धागा पुढे केला.

"बाबा, अस्सा. की मशीनवरचा आणू?"

"आण की. बापही तिथूनच आण!" धाग्याकडे न बघताच त्यांनी तो खिशात कोंबला. लव्हेंडर काय त्यांना नवा होता?

सकाळी काका कामाला बसले. जांभळ्याचे सहा थेंब टाकले, तरी रंग मातकटच. आणखी सहा. तरी मळकाच. "बाटलीत पाणी घालतात मेले," असं पुटपुटत त्यांनी अर्धी बाटली रिकामी केली, तेव्हा कुठे रंग मनासारखा दिसला. दुपारपर्यंत चारही भिंतींना पहिला हात मारून झाला.

जेवणाचा डबा घेऊन मायलेकी आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "पोरीने झोपायला खोली मागितली होती. तुम्ही तिला वांग्यात नेऊन बसवलंत!"

"ओला आहे अजून."

"वाळला की आणखी गडद होतो, हे तुम्हीच लोकांना सांगता ना?"

लेकीने हसू दाबत त्यांच्या खिशातून धागा काढला आणि भिंतीला टेकवला. "बघा बरं, आहे का सारखा?"

काकांनी निरखून पाहिलं. "कसा असेल? खाकी धागा दिलास तू मला."

लेकीचं हसू विरलं. "बाबा, हा लव्हेंडर आहे."

त्यांनी धागा खिडकीशी नेला, उलटसुलट केला. खाकीच. मग ते पालथ्या बादलीवर बसले.

"मागच्या महिन्यात त्या शाळेतल्या बाईंचं घर केलं, ते..."

"त्यांना पांढरा हवा होता," काकू म्हणाल्या. "पांढरा जमतो हो तुम्हाला अजून."

काकांना हसू आलं, पण डोळे पुसावे लागले.

"मोतीबिंदू असेल," काकू हळूच म्हणाल्या. "त्यात जांभळा मळकट दिसतो म्हणे. काढतात की. देवाच्या कृपेने हात तर थरथरत नाही ना?"

लेकीने डॉक्टरांना फोन लावला.

"उद्या सकाळची वेळ घे," काका म्हणाले. "दुपारी दुसरा हात मारायचाय." मग काकूंकडे न बघता, "रंग तू कालव. मी नुसता लावीन. आणि गल्लीत कुठे बोललीस तर बघ!"